चेंडू हातात नसताना : जिमर फ्रेडेट एनबीएत का टिकला नाही?

प्रश्न एका वडिलांचा आहे. मुलगा अकरावीत, आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल सामन्यांत तीस-तीस गुण काढणारा. अमेरिकेतल्या एखाद्या कॉलेजात शिष्यवृत्तीवर खेळायचं त्याच्या मनात आहे. जिमर फ्रेडेटचे जुने व्हिडिओ तो पुन्हा पुन्हा बघतो आणि विचारतो, "कॉलेजात अख्ख्या देशात सर्वोत्तम ठरलेला हा खेळाडू एनबीएत का टिकला नाही?" एनबीए म्हणजे अमेरिकेतली प्रोफेशनल बास्केटबॉल लीग. वडिलांना त्याचं उत्तर हवं आहे आणि त्यातून मुलानं काय उचलावं हेही.

महाविद्यालयांच्या आणि विद्यापीठांच्या संघांना मी बरीच वर्षं शिकवतो आहे. भरपूर गुण काढणारा मुलगा वरच्या पातळीवर गेला की त्याचं काय होतं, हे जवळून पाहत आलो आहे. म्हणून उत्तर आधीच देऊन टाकतो. जिमरचा शॉट कधीच कमी पडला नाही. चेंडू हातात नसताना संघाला जे द्यावं लागतं ते कमी पडलं, आणि ते शिकायला जी स्थिर जागा लागते ती त्याला मिळाली नाही. पहिली गोष्ट खेळाडूच्या हातातली आहे, दुसरी नाही.

जिमर न्यूयॉर्क राज्यातल्या ग्लेन्स फॉल्स या छोट्या गावचा, जन्म १९८९चा. थोरल्या भावानं, टीजेनं, त्याला घडवलं. हा भाऊ त्याला जवळच्या तुरुंगात कैद्यांविरुद्ध सामने खेळायला घेऊन जायचा. भोवती आरडाओरडा करणारे कैदी, समोर वयानं आणि अंगानं मोठी माणसं, आणि त्यात शाळकरी पोरानं शॉट घ्यायचे. पुढे हजारो प्रेक्षक विरोधात ओरडत असतानाही त्याचं मनगट डळमळलं नाही, त्याची तयारी तिथे झाली असं मला वाटतं.

२००७ मध्ये तो युटामधल्या प्रोव्हो इथल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात गेला. तिसऱ्या वर्षी अ‍ॅरिझोनाविरुद्ध त्यांच्याच मैदानावर ४९ गुण, आणि २०१०च्या राष्ट्रीय स्पर्धेत फ्लोरिडाविरुद्ध दोन जादा डाव गेलेल्या सामन्यात ३७. पण खरं वेड लावलं ते शेवटच्या मोसमानं. २०१०-११ मध्ये सरासरी २८.९ गुण, देशात पहिला. २६ जानेवारी २०११ रोजी सॅन डिएगो स्टेटचा तोवर एकही सामना न हरलेला संघ प्रोव्होत आला, त्यात पुढे एनबीएत गाजलेला कवाय लेनर्ड होता. ब्रिगहॅम यंग ७१-५८ जिंकलं आणि त्या ७१ पैकी ४३ गुण एकट्या जिमरचे होते. मार्चमध्ये न्यू मेक्सिकोविरुद्ध ५२. त्या वर्षी नेस्मिथ, वूडन आणि एपी हे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचे तिन्ही मोठे सन्मान त्यालाच मिळाले.

व्हिडिओत दिसतं ते हे सगळं. आता प्रशिक्षकाच्या नजरेनं जे दिसतं ते सांगतो.

प्रशिक्षक डेव्ह रोज यांनी अख्खा हल्ला जिमरभोवती बांधला होता. चेंडू तोच वर आणायचा, स्क्रीन, म्हणजे बचावपटूच्या वाटेत साथीदारानं उभं राहून केलेली आड, त्याच्यासाठी लागायची, बाकीचे चौघे त्याला जागा करून द्यायचे. त्या काळी कॉलेजात शॉट घ्यायला ३५ सेकंद मिळायचे, एनबीएत २४. म्हणजे पहिली चाल फसली तर चेंडू परत त्याच्याकडे येऊन दुसरी चाल करायला वेळ होता. मार्च २०११ मध्ये फ्लोरिडाविरुद्ध, त्याच्या शेवटच्या कॉलेज सामन्यात, त्यानं ३२ गुण काढले, पण त्यासाठी २९ शॉट घेतले आणि ११ पडले. कॉलेजात हे चालतं, किंबहुना तेच करायला सांगितलेलं असतं, कारण संघात त्याच्या तोडीचा दुसरा कोणी नसतो. प्रोफेशनल संघात नवख्या गार्डला (बाहेरून चेंडू हाताळणाऱ्या खेळाडूला) एका सामन्यात २९ शॉट कोणीही देत नाही.

दुसरी गोष्ट डिफेन्सची, आणि माझ्या मते ती जास्त महत्त्वाची. कॉलेजात झोन डिफेन्स, म्हणजे ठरावीक माणूस न धरता मैदानाचा आपला भाग राखायचा बचाव, मोठ्या प्रमाणावर खेळतात. बास्केटखालच्या रंगीत पट्ट्यात मदतीचा खेळाडू हवा तितका वेळ उभा राहू शकतो. पायांनी जरा मंद असलेला गार्ड तिथे सहज लपवता येतो, आणि हल्ल्याचा सगळा भार ज्याच्यावर आहे त्याला बचावात श्वास घ्यायला जागा द्यायची ही तिथली रीतच आहे. एनबीएत डिफेन्सच्या खेळाडूला समोर कोणाला न धरता त्या पट्ट्यात तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही, त्यामुळे मागची मदत पातळ होते. प्रतिस्पर्धी संघ तुमचा सगळ्यात कच्चा बचावपटू शोधतो आणि तो ज्याला धरून आहे त्यालाच स्क्रीन लावायला बोलावतो. पिक अँड रोल झाला (स्क्रीन लावून लगेच बास्केटकडे वळणं), बचावपटूंनी आपापली माणसं अदलाबदल केली की त्यांचा सगळ्यात वेगवान माणूस तुमच्या कच्च्या माणसासमोर मोकळा उभा. हे एका सामन्यात दहा-पंधरा वेळा होतं. मग प्रशिक्षक तुमचा शॉट कितीही आवडत असला तरी तुम्हाला बाहेर बसवतो.

लांबून टाकण्याची अडचण मात्र जिमरला नव्हती, हा गैरसमज काढून टाका. त्या वेळी कॉलेजची तीन गुणांची रेषा ६.३२ मीटरवर होती आणि एनबीएची ७.२४ मीटरवर. पुष्कळ शूटर त्या जवळजवळ मीटरभराच्या फरकात अडखळतात. जिमर कॉलेजातच त्याहून लांबून टाकायचा.

२०११च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएच्या संघांनी नवे खेळाडू क्रमानं निवडण्याच्या सोहळ्यात, मिलवॉकीनं त्याला दहाव्या क्रमांकावर उचललं आणि आधीच ठरलेल्या अदलाबदलीत तो सॅक्रामेंटो किंग्जकडे गेला. अकरावा होता क्ले थॉम्पसन, पंधरावा कवाय लेनर्ड, दोघंही पुढे मोठे खेळाडू झाले. ही नावं दाखवून किंग्जना आजही बोल लावतात. मला त्यापेक्षा साठावं नाव जास्त शिकवून जातं. त्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, साठावा खेळाडू आयझया थॉमस, तोही किंग्जनीच घेतला. उंची पाच फूट नऊ इंच. जिमर सहा फूट दोन इंच. काही महिन्यांत पॉइंट गार्डची, म्हणजे चेंडू वर आणून चाल रचणाऱ्याची, जागा थॉमसकडे गेली, कारण पहिल्या पावलात समोरच्याला मागे टाकणं त्याला जमत होतं. जिमर स्क्रीन लागल्याशिवाय सुटत नव्हता.

आता नशिबाचा भाग. त्या उन्हाळ्यात एनबीए मालक आणि खेळाडू यांच्यातल्या वादामुळे बंद होती. नवख्यांना वरच्या खेळाची ओळख होते ती समर लीग झाली नाही, मोसम थेट २५ डिसेंबरला सुरू झाला आणि ६६ सामने घाईघाईत उरकले. सराव करायला दिवसच नव्हते. पहिल्या सात सामन्यांनंतर प्रशिक्षक पॉल वेस्टफल यांना काढलं आणि किथ स्मार्ट आले. २०१३ मध्ये मायकेल मलोन. तीन मोसमांत तीन प्रशिक्षक. संघ दुसऱ्या शहरात हलवण्याच्या हालचाली चालू होत्या, त्या २०१३ मध्ये विवेक रणदिवे यांनी संघ विकत घेतल्यावर थांबल्या. मुंबईत वाढलेले हेच रणदिवे. ऑक्टोबर २०१९ मध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे दोन सामने मुंबईत वरळीच्या डोममध्ये झाले ते अनेकांना आठवत असतील. पण जिमरच्या वाट्याला आलेला संघ ६६ पैकी २२ सामने जिंकणारा होता. तिथे टायरिक एव्हान्स, मार्कस थॉर्नटन, थॉमस असे चेंडू स्वतःकडे हवा असणारे गार्ड आधीच गर्दी करून होते.

आकडे बघा. पहिल्या मोसमात सरासरी ७.६ गुण. दुसऱ्यात ७.२, आणि तीन गुणांचे ४१.७ टक्के शॉट आत. तिसऱ्यात किंग्जकडून ४९.३ टक्के, म्हणजे निम्म्याला टेकलेले, तरी सामन्यामागे अकरा-बारा मिनिटं. इतका अचूक शूटर बाकावर का, असा प्रश्न तेव्हा सगळे विचारत होते. उत्तर वर दिलंच आहे: मैदानाच्या दुसऱ्या टोकाला तो जेवढं देऊन बसायचा, तेवढं या टोकाला त्या थोड्या मिनिटांत परत मिळत नव्हतं. फेब्रुवारी २०१४ मध्ये किंग्जनी करार संपवला. नंतर शिकागो, मग न्यू ऑर्लिन्स, तिथे तर तीन गुणांचे शॉट १८.८ टक्क्यांवर घसरले. हात तोच होता. पण दहा मिनिटं थंड बसून यायचं, एक पास यायचा, तो पडला नाही तर परत बसायचं, असं ते चक्र. ड्रिबल करत, समोरच्याला झुलवत स्वतःची लय पकडणाऱ्या शूटरला हे फार जड जातं. उभ्या जागी पास घेऊन टाकणं ही निराळी कला आहे, आणि ती वेगळी घोटावी लागते.

"तो दहा वर्षं आधी जन्मला" असं पुष्कळ जण म्हणतात. त्यात थोडं तथ्य आहे. २०११-१२ मध्ये एनबीएतला संघ सामन्यात साधारण १८ वेळा तीन गुणांचा प्रयत्न करायचा, २०१८-१९ पर्यंत तो आकडा ३२वर गेला. आजच्या खेळात त्याला जास्त मिनिटं मिळाली असती. पण कच्चा बचावपटू हेरून त्याच्यावर हल्ला करण्याची पद्धतही याच काळात कितीतरी धारदार झाली आहे, हे ते विसरतात.

इथे मुलाला दुसरं एक नाव बघायला सांगा: जेजे रेडिक. ड्यूक विद्यापीठाचा, २००६ चा सर्वोत्तम कॉलेज खेळाडू, नेस्मिथ आणि वूडन दोन्ही सन्मान. ड्यूककडून २,७६९ गुण. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये अकरावा, ऑरलँडोकडे. म्हणजे जिमरसारखीच कुंडली: गोरा, शूटर, पायांनी वेगवान नाही, चार वर्षं कॉलेजात गाजलेला. पहिल्या मोसमात त्याची सरासरी ६ गुण, दुसऱ्यात ४.१ आणि खेळायला मिळाले ३४ सामने. तिथे थांबून बघितलं असतं तर जिमरपेक्षाही वाईट अवस्था होती.

रेडिकनं काय केलं? चेंडू मागणं सोडलं. बचावात पाय कुठे ठेवायचा, स्क्रीनच्या वरून जायचं की खालून, हे इतकं पक्कं केलं की प्रशिक्षकाला त्याला लपवायची गरज उरली नाही. आणि हल्ल्यात तो थांबायचाच नाही. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, एका स्क्रीनवरून दुसरीवर, सतत पळत. चेंडू त्याच्याकडे येण्याआधीच त्याला धरणारा माणूस दमलेला असायचा, आणि त्याच्या मागे पळताना दोन बचावपटू गोंधळले की तिसऱ्याला मोकळं बास्केट मिळायचं. खो-खोत चौकात बसलेला गडी पळत नसतानाही पूर्ण खेळात असतो, खो कोणत्या क्षणी मिळेल त्यासाठी सगळं अंग तयार ठेवून. रेडिकची तीच वृत्ती होती. २०१५-१६ मध्ये क्लिपर्सकडून ४७.५ टक्के तीन गुणांचे शॉट टाकून तो एनबीएत पहिला आला, आणि कारकिर्दीतली सर्वात मोठी सरासरी, १८.१ गुण, त्याला चौतिसाव्या वर्षी फिलाडेल्फियात मिळाली. एकूण १५ मोसम. २०२४ मध्ये तो लेकर्सचा मुख्य प्रशिक्षक झाला.

रेडिकला सुरुवातीची जवळजवळ सात वर्षं एकाच संघात मिळाली आणि तो संघ जिंकणारा होता, २००९ मध्ये अंतिम फेरीत गेलेला. जिमरला असं काही मिळालं नाही, हे न्यायानं सांगितलंच पाहिजे. म्हणून या दोघांची तुलना करून एकाला हुशार आणि दुसऱ्याला हट्टी ठरवणं मला पटत नाही.

त्यात जिमरची कारकीर्द एनबीएतच संपली असं समजणं तर साफ चूक आहे. २०१६ मध्ये तो चीनमध्ये, एनबीए गाजवलेल्या याओ मिंगच्या तेव्हा मालकीच्या शांघाय शार्क्सकडे गेला. चिनी लीगमध्ये परदेशी खेळाडूंची संख्या मर्यादित असते आणि हल्ल्याचा मुख्य भार त्यांनीच उचलायचा असतो. म्हणजे चेंडू परत त्याच्या हातात. पहिल्याच मोसमात सरासरी ३७.६ गुण, लीगमधल्या सर्वोत्तम परदेशी खेळाडूचा मान. फेब्रुवारी २०१७ मध्ये एका सामन्यात ७३, नोव्हेंबर २०१८ मध्ये ७५. तिथल्या चाहत्यांनी त्याला 'एकाकी देव' अशा अर्थाचं नाव ठेवलं, तोडीचा कोणी नाही म्हणून एकाकी. प्रोफेशनल खेळाडूचं काम म्हणजे आपला खेळ जिथे लागतो ती जागा शोधणं, आणि त्यानं ती शोधली. याला अपयश म्हणणाऱ्यांशी मी नेहमी वाद घालतो.

मार्च २०१९ मध्ये फिनिक्स सन्सनी त्याला परत बोलावलं. २५ मार्चला सामना सॉल्ट लेक सिटीत, त्याच्या कॉलेजपासून तासाभराच्या अंतरावर. प्रेक्षक यजमान युटा जॅझचे, पण जयजयकार पाहुण्या संघाच्या राखीव गार्डचा. डेव्हिन बुकरनं त्या रात्री ५९ गुण काढले. बुकरला साठावा गुण मिळू नये म्हणून शेवटच्या क्षणांत जॅझनी मुद्दाम जिमरला फाउल केला! जिमरचे दहा शॉट, आत गेला एक. एनबीएतला तो त्याचा शेवटचा टप्पा. एकूण २४१ सामने, सरासरी ६ गुण. पुढे अथेन्सच्या पॅनाथिनाइकोसकडून एक मोसम, ग्रीक लीगचं विजेतेपद, आणि पुन्हा शांघाय.

मग तो थ्री बाय थ्रीकडे, म्हणजे तीन विरुद्ध तीन जणांच्या बास्केटबॉलकडे वळला, आणि माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यात शहाणा निर्णय तो होता. या खेळात अर्धंच मैदान, एक बास्केट, शॉटला १२ सेकंद, २१ गुण किंवा १० मिनिटं. कमानीच्या आतून एक गुण आणि बाहेरून दोन. लक्ष द्या: पाच जणांच्या खेळात लांबचा शॉट जवळच्याच्या दीडपट मोलाचा, इथे दुप्पट. जिमरच्या हाताची किंमत एका नियमानं वाढली. पण लपायला जागा मात्र अजिबात नाही. तिघांतल्या प्रत्येकाला समोरच्याला एकट्यानं धरावं लागतं, आणि सामन्यात प्रशिक्षक बाजूला बसून सूचना देत नाही. तिशी ओलांडल्यावर त्यानं बचावाचे आणि चेंडूविना पळण्याचे धडे इथे गिरवले. २०२३ मध्ये अमेरिकेला विश्वचषकात रौप्य, त्याच वर्षी पॅन अमेरिकन स्पर्धेत सुवर्ण. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकसाठीच्या चार जणांत तो होता. पण पोलंडविरुद्धच्या सामन्यात मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायुबंध फाटला आणि उरलेले सामने संघाला तिघांनिशी, एकही बदली नसताना खेळावे लागले. सातपैकी दोन जिंकले. एप्रिल २०२५ मध्ये त्यानं निवृत्ती जाहीर केली.

आता तुमच्या मुलाविषयी.

अमेरिकेत पहिल्या विभागात साडेतीनशेच्या वर कॉलेज संघ आहेत आणि जिमरच्या काळी प्रत्येकाकडे १३ शिष्यवृत्त्या असायच्या. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये जागा ६०, त्याही जगभरातल्या मुलांसाठी. हे घाबरवायला सांगत नाही. कॉलेजचं शिक्षण आणि तिथला खेळ हेच मोठं ध्येय आहे आणि ते धरावं. त्यासाठी कागदपत्रांची तयारी लवकर करा. पात्रता ठरवताना नववीपासूनचे सोळा मुख्य विषय आणि त्यांतले गुण बघतात, त्यामुळे "खेळाच्या कोट्यातून होईल" म्हणून अभ्यास सोडू देऊ नका. २०२१ पासून तिथल्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छबीवर पैसे कमवता येतात, जिमरला ते करता आलं नव्हतं. पण विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मुलांना काम करण्यावर निर्बंध असतात. करार दाखवणारा कोणी भेटला तर विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी विभागाला विचारल्याशिवाय सही करू नका.

खेळापुरतं म्हणाल तर तीस गुणांनी तिथला निवडणारा प्रशिक्षक फारसा हलणार नाही. आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत उंच आणि वेगवान बचावपटू किती भेटतात, हे त्यालाही माहीत असतं. तो व्हिडिओत बघतो ते वेगळंच: शॉट चुकल्यावर मुलगा मागे पळतो का, स्क्रीन अंगावर आल्यावर काय करतो, साथीदाराकडे चेंडू असताना उभा राहतो की जागा बदलतो, मदतीला गेल्यावर आपल्या माणसाकडे वेळेत परततो का. तुमच्या मुलाच्या पुढच्या दोन सामन्यांचं चित्रण उंचावरून, पूर्ण मैदान दिसेल असं करून घ्या. मग त्यातला चेंडू त्याच्या हातात असलेला प्रत्येक क्षण पुढे सरकवा आणि बाकीचं त्याच्यासोबत बसून बघा.

प्रशिक्षकांशीही बोला. सरावात आठवड्यातून एक दिवस त्याला ड्रिबल करायला पूर्ण बंदी घालायची: पास घ्यायचा, टाकायचा किंवा पुढे द्यायचा, आणि लगेच पळायचं. सुरुवातीला त्याचे गुण निम्म्यावर येतील आणि तो वैतागेल. तरी निदान एक मोसम तरी हे सोडू नका. उरलेल्या दिवसांत संघातल्या सगळ्यात चपळ मुलाला एकट्यानं धरायचं काम त्याच्याकडेच द्या, झोनमध्ये उभं करू नका.